लेकरू वाचायलं का नुसतंच म्हणायलं?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की या सदराकडं पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप वाढतात, आणि यंदा निम्म्याच्या वर प्रश्न एकच, लेकराला वाचता येईना. शिक्षकांचेही तेच, घरच्यांचेही तेच. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही, नुसता तालुका टाकते.

प्रश्न : ताई, मी झेडपीच्या शाळेवर आहे, नोकरी नवीनच. आमच्या हेडसरांनी यंदा तिसरी ते पाचवीतली वाचनात मागं असलेली चौदा लेकरं माझ्याकडं दिली, रोज शेवटचा तास, म्हणले मॅडम दिवाळीपर्यंत ही वाचती झाली पाहिजेत. वेगळं ट्रेनिंग काही नाही. मी बाराखडी पहिल्यापासून घोटून घ्यायला लागले तर पाचवीची पोरं हसायलीत आणि दोघं तर त्या तासाला गायबच व्हायलीत. कुठून सुरू करू?
— सहशिक्षिका, ता. सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : मॅडम, आधी बाराखडी थांबवा. बाराखडीत वाईट काही नाही, पण चौदाच्या चौदा जणांना तीच लागते हे तुम्हाला अजून कुठं माहीत आहे? पहिला आठवडा शिकवूच नका. एकेकाला व्हरांड्यात घ्या, शेजारी बसवा, समोर नको, समोर बसवलं की त्याला परीक्षा वाटते, आणि नुसतं ऐका. 'असर' ही गावाकडच्या लेकरांच्या वाचन-गणिताची देशभरची पाहणी, तिची चाचणी तुम्ही पाहिली असेल, एकाच कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २००५ पासून गावोगाव घरी जाऊन ते लोक हीच घेतात. एका लेकराला पाच-सात मिनिटं पुरतात.

पाठ्यपुस्तक मात्र देऊ नका वाचायला. कामून ते सांगते. आमच्याकडं चौथीत एक मुलगी होती, मराठीचं पुस्तक धडाधडा वाचायची, बोट ओळीवर, आवाजात चढउतार, सगळं. मला जरा शंका आली म्हणून मी हळूच तिच्या पुढच्या ओळीवर तळहात ठेवला. बाई थांबलीच नाही, हाताखालची ओळसुद्धा वाचून काढली! नंतर त्याच ओळीतला 'डोंगर' शब्द चिठ्ठीवर लिहून दिला तर बघत बसली. पाठांतर झक्कास, वाचन शून्य, आणि चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही कारण वर्गात उभं करून वाचायला लावलं की ती सगळ्यात चांगली म्हणायची.

लेकरू वाचताना चुकलं की लगेच दुरुस्त करू नका, चूक वहीत जशीच्या तशी लिहून घ्या. तुमची चौदा लेकरं चौदा ठिकाणी अडलेली नसतात, तीन-चार ठिकाणीच अडलेली असतात, पण ती ठिकाणं चुका बघितल्याशिवाय कळत नाहीत. 'मोर'ला 'मार' वाचणाऱ्याला काना दिसलाय, वरची मात्रा दिसली नाही. 'कविता'ला 'कावता' वाचणाऱ्याचा घोळ वेगळाच, पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर अक्षराच्या आधी उभी असते, म्हणून त्यानं ती मागच्या 'क'ला चिकटवली. 'घर'ला 'धर', 'भात'ला 'मात' वाचणाऱ्याचा प्रश्न आकाराचा. 'रस्ता'ला 'रसता' आणि 'वर्ग'ला 'वग' वाचणारा खरं तर बराच पुढं आलाय, त्याला फक्त जोडाक्षर आणि रफार पाहिजे, आणि त्याला तुम्ही अ आ इ ई म्हणायला लावल्यावर तो तासाला गायब होणारच ना. आणि एक जण असा सापडेल जो पहिलं अक्षर बघून ठोकून देतो, 'आजी' लिहिलंय तर 'आजोबा'. तो हुशार असतो, अंदाजावर तिसरीपर्यंत निभावून नेतो.

आता गट पाडा, पण इयत्तेवर नाही, कोण कुठं अडलंय त्यावर. तिसरीतला आणि पाचवीतला एका गटात आले तरी चालतं. फक्त पाचवीच्या पोराच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊ नका, त्याची इज्जत जाते. त्याला तेच सोपे शब्द दुसरीकडून द्या, क्रिकेटच्या टीमची नावं, एसटीच्या पाट्या, किराणाची यादी. आमच्या एका पठ्ठ्यानं 'परभणी', 'जिंतूर', 'औंढा' या पाट्यांवरून अनुस्वार आणि दुसरी वेलांटी पक्की केली, त्याचा मामा कंडक्टर.

अक्षर जोडताना 'म ला काना मा, क ला वेलांटी कि' हे बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी. लेकरू शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं, त्याच्या डोक्यात नुसते काना-वेलांटीच फिरत राहतात. सरळ 'मा' म्हणायचं. बाराखडीचा तक्ता भिंतीवर असू द्या पण तो आडवा म्हणायचा तसा उभाही म्हणायचा, का खा गा घा, की खी गी घी, म्हणजे काना काय करतो ते कानाला कळतं. आणि रोजच्या तासातली दहा मिनिटं तुम्ही स्वतः चांगली गोष्ट वाचून दाखवा, शब्दाखाली बोट फिरवत. ते वेळ वाया घालवणं वाटतं पण ज्या घरात वाचणारं माणूसच नाही त्या लेकराला वाचणं म्हणजे काय असतं हे तिथंच पहिल्यांदा दिसतं.

ही पद्धत काही माझी नाही. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं लेकरांना पातळीनुसार शिकवायचं हे वर्षानुवर्षं केलं, मुंबई आणि वडोदऱ्यात त्यांच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली, शिकवायच्या त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींनी केला, आणि त्या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि एवढी चौदा मागं कशी राहिली म्हणून स्वतःला किंवा शाळेला शिव्या देऊ नका, २०२४ च्या 'असर'मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतली जेमतेम २७ टक्के लेकरं दुसरीचा मजकूर वाचू शकली. दिवाळीपर्यंत सगळी वाचती होतील असा शब्द हेडसरांना देऊ नका. कोण कुठून कुठं आलं ते दाखवीन एवढं सांगा.

प्रश्न : माझी नणंद अमेरिकेत असते, टेक्सासला. तिला तिथल्या प्राथमिक शाळेत रीडिंग इंटरव्हेन्शन टीचर म्हणून नोकरी लागली. तिला स्वतःचा वर्ग नाही, दिवसभर तीन-चार लेकरांचे गट येतात, अर्धा तास वाचन घेते आणि परत पाठवते. आमच्या सासूबाई म्हणतात ही कसली मास्तरकी, ही तर शिकवणी झाली. मी स्वतः डीएड आहे म्हणून विचारते, आपल्याकडं असं पद कामून नाही?
— गृहिणी, लातूर

उत्तर : सासूबाईंना सांगा की शिकवणीच आहे पण शाळेच्या वेळात, फुकट आणि सगळ्यात कच्च्या लेकरांना पहिली. तिथं १९६५ च्या शिक्षण कायद्यात टायटल वन म्हणून भाग आहे, गरीब वस्तीतल्या शाळांना केंद्राचा जादा पैसा मिळतो आणि बऱ्याच शाळा त्यातून असे शिक्षक ठेवतात. पुढं दिव्यांग लेकरांच्या शिक्षणाच्या २००४ च्या कायद्यानंतर त्यांच्याकडं तीन पायऱ्यांची पद्धत जोरात आली. आधी सगळ्या वर्गाला चांगलं शिकवायचं, त्यातून जी मागं राहतील त्यांना छोट्या गटात, आणि त्यातूनही राहिली त्यांना जवळजवळ एकेकट्याला. तुमच्या नणंदेकडं ही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची लेकरं येत असणार. दर थोड्या आठवड्यांनी चाचणी, आलेख वर चढला तर लेकरू परत वर्गात.

शिकवतात काय, तर २००० साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं पाच गोष्टी धरल्या होत्या, शब्दातले आवाज कानानं वेगळे करणं, अक्षर-आवाजाची जोडी, सलग वाचणं, शब्दसंपत्ती आणि अर्थ. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीत त्यांचा फार जीव जातो कारण इंग्रजीचं स्पेलिंग. 'कट' (cut) आणि 'पुट' (put) दिसायला सारखे, म्हणायला वेगळे. आपलं बरंय, बहुतेक जसं लिहिलं तसं वाचायचं. पण आपल्याकडं अक्षरांचे आकार किती, प्रत्येकाला बारा रूपं, वर जोडाक्षरं, म्हणून इथं लेकरू नियमात कमी आणि आकारांच्या गर्दीत जास्त हरवतं. तिकडचं साहित्य जसंच्या तसं मराठीत आणून उपयोग नाही ते यासाठी.

पद कामून नाही? आपल्या खेड्यातली शाळा दोन शिक्षकी, एकाकडं दोन-तीन वर्ग, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. दिव्यांग लेकरांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून विशेष शिक्षक फिरतात, पण नुसतं वाचन अडलेल्या लेकराला धरून बसणारं वेगळं माणूस नाही. ते पद पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत वरच्या सेनगावच्या मॅडमसारखं कुणीतरी शेवटच्या तासाला ते करतंच आहे, पदाशिवाय. तुम्ही डीएड आहात तर गल्लीतल्या शाळेत आठवड्यातले तीन दिवस तासभर जा, हेडमास्तर नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : माझा पुतण्या तिसरीला आहे. भाऊ-भावजय दसरा-दिवाळीला उसाला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास येतात, पोरगं संगं नेतात. गेल्या साली जाताना थोडं थोडं वाचायचा, आल्यावर सगळं साफ. सर म्हणतात आम्ही काय करावं. घरी आमची आई आहे, तिला वाचता येत नाही.
— ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : दादा, पहिलं काम आत्ताच करा, दिवाळीची वाट बघू नका. आई घरी आहे ना, मग पोराला तिच्यापाशी ठेवता येईल. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, लेकरू गावातच नातेवाइकाकडं राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळेतून मिळतं. पण ते आपोआप सुरू होत नाही, कोणती लेकरं राहणार त्याची यादी आधी करून शाळेकडून प्रस्ताव जावा लागतो, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला तुम्ही स्वतः जाऊन बसा आणि पुतण्याचं नाव घालायला लावा. गावातून आणखी पोरं असतीलच, त्यांच्या घरच्यांनाही न्या.

नेलंच संगं, तर सरांकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे लेकरू कुठं, कितवीत शिकत होतं ते लिहिलेलं कार्ड, घ्या आणि कारखान्याच्या जवळच्या शाळेत दाखवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या शाळेला नाही म्हणता येत नाही, वयाप्रमाणं वर्गात घ्यावंच लागतं, दाखला नंतर आला तरी चालतो. कर्नाटकात गेलं तर भाषेची अडचण येते हे खरं, तिथं मात्र फोनवरच भागवा. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, मोबाईल असतोच. सरांना सांगून गोष्टीची पंधरा-वीस पानं झेरॉक्स करून द्या, एक पान रोज मोठ्यानं वाचायचं आणि तुम्हाला व्हॉइस मेसेज टाकायचा. तुम्ही ऐकायचं आणि 'पुढं काय झालं रे' एवढं विचारायचं. रात्री फडातून थकून आलेल्या भावाला हे जमणार नाही असं म्हणू नका, त्याला काही करायचंच नाही, फोन द्यायचाय.

सगळं साफ झालं म्हणता ते तसं नसतं. परत आल्यावर त्याला पहिलीपासून सुरू करायला लावू नका. पहिले आठ-दहा दिवस नुसती उजळणी करून बघा, बरंच वर येतं. आणि आईला वाचता येत नाही म्हणून हात झटकू नका, तिला गोष्टी येतात. तिनं सांगितलेली गोष्ट सरांनी चार ओळीत लिहून दिली तर पोरगं ती सगळ्यात आधी वाचेल.

प्रश्न : आमची शाळा तांड्यावर आहे. लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पुस्तकात 'आई' असतं, ती 'याडी' वाचतात. गावातली मराठी पोरं पण 'आहे'ला 'हाय' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. ही वाचनातली चूक धरायची का? आमच्या दोघा शिक्षकांत यावरून वाद आहे.
— शिक्षक, ता. हदगाव, जि. नांदेड

उत्तर : सर, चूक धरू नका. जरा विचार करा, 'आई' हा शब्द बघून ज्यानं 'याडी' म्हणलं त्यानं तो शब्द ओळखला, अर्थ कळला आणि आपल्या बोलीत आणून सांगितला. हे तर आपल्याला पाहिजे तेच आहे. ज्यानं 'आई'ला 'आठ' वाचलं त्याच्याकडं जा. फक्त एवढं तपासा की चित्र बघून तर म्हणत नाही, चित्र झाका आणि परत विचारा. 'हाय', 'पानी', 'नव्हतं'चं 'नवतं' हे उच्चार वाचनाच्या नोंदीत घेऊच नका, लिहिण्याच्या वेळी बघू.

पहिलीला दोन महिने तुम्ही गोरमाटीत बोला, येत नसेल तर तिसरी-चौथीच्या पोरींना सोबत बसवा, त्या पोरी तुमच्यापेक्षा चांगलं समजावतात. गोष्ट आधी त्यांच्या बोलीत, मग पुस्तकातली. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही तो वाचता आला काय न आला काय.

प्रश्न : मुलगा दुसरीला, इंग्लिश मीडियम. बी आणि डी उलटसुलट लिहितो, वाचायला टाळाटाळ. ट्यूशनच्या मॅडम म्हणल्या डिस्लेक्सिया आहे, आणि एका सेंटरवाल्यानं मोठ्या रकमेचा कोर्स सांगितला. मिस्टर म्हणतात भरून टाकू. मला झोप नाही.
— आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, पैसे भरू नका अजून. सहा-सात वर्षांचं लेकरू अक्षर उलटं लिहितं हे खूप लेकरांत दिसतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. त्याच एका खुणेवर डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडणं, ठरत नाही, आणि ते ठरवणं ट्यूशनच्या मॅडमचं कामही नाही. आधी डोळे तपासा, मग कान तपासा. कान वारंवार फुटत असेल, सर्दी कायमची असेल तर त्याला 'ट' आणि 'ड' मधला फरक ऐकूच येत नसेल.

मग घरी मराठीतलं सोपं काही वाचायला देऊन बघा. त्याला मराठी अक्षरं शिकवलीच नसतील तर नुसतं तोंडी खेळा, 'पोळी'तला पहिला आवाज कोणता, 'पोळी'तला 'पो' काढून 'गो' घातला तर काय होतं. हे जमत असेल तर घाबरायचं कारण कमी. यातच तो अडखळत असेल, शाळेनं छोट्या गटात नीट शिकवूनही सहा-आठ महिन्यांत काही हलत नसेल, घरात अजून कुणाला असा त्रास असेल, तर मात्र तपासणी कराच. साधारण आठ वर्षांच्या किंवा तिसरीच्या आसपास पक्कं निदान होतं. मराठीतून तपासायला मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं बनवलेलं 'डाली' नावाचं साधन आहे, नाहीतर आपल्याकडं मराठी बोलणाऱ्या लेकराला इंग्रजीत तपासून मोकळे होतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया धरलाय, सरकारी प्रमाणपत्र मिळालं तर पुढं परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. बुद्धीचा आणि याचा संबंध नाही हे मिस्टरांना आणि आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, आपल्याकडं 'ढ' हा शिक्का लई लवकर बसतो.

प्रश्न : लेकरांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत या सरकारी अभियानात तिसरीला मिनिटाला ६० शब्द असं आहे. आम्ही मोबाईलवर स्टॉपवॉच लावून घेतो. एक मुलगा ७० वाचतो पण गोष्ट विचारली तर एक अक्षर सांगत नाही. अहवालात काय लिहू?
— शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : ७० लिहा आणि पुढं 'अर्थ कळत नाही' असंही लिहा, रकाना नसेल तर समासात. ते उद्दिष्ट अर्थासकट आहे, नुसत्या वेगाचं नाही, पण स्टॉपवॉच हातात आलं की सगळे शर्यत लावतात. त्या मुलाला महिनाभर घड्याळ दाखवूच नका. दोन वाक्यं झाली की थांबवा आणि विचारा, कोण आलं होतं, कशाला आलं होतं. वेग ५० वर आला तरी येऊ द्या.

प्रश्न : आमच्या शाळेत गोष्टीची पुस्तकं भरपूर आली आहेत. सगळी कपाटात कुलपात. हेडसर म्हणतात फाटली तर ऑडिटला मी काय दाखवू.
— शिक्षिका, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : फाटलेली पुस्तकं साठा रजिस्टरवरून निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, करता येतात, हेडसरांना ते माहीत असतं, फक्त ठराव आणि कागद करायचा कंटाळा असतो. तो कागद तुम्ही लिहून द्या, त्यांची सहीच उरेल. वर्गात दोन खिळ्यांना सुतळी बांधा, वीस पुस्तकं मधोमध उघडून त्यावर टाका, बाकीची राहू द्या कपाटात, पंधरा दिवसांनी बदला. वाटायचं आणि परत घ्यायचं काम पाचवीतल्या अशा पोराकडं द्या ज्याचं वाचन अडलंय. प्रत्येक पुस्तकाचं नाव त्याला वहीत उतरवून घ्यावं लागेल आणि परत आल्यावर तेच नाव शोधावं लागेल.